वाटेची दोन बोटं

टेबलावर माझा कागद पडला होता आणि आम्ही तिघे त्याच्याकडे असे पाहत होतो, जसे घरातले लोक दाराशी सोडलेल्या परक्या चपलांकडे पाहतात. कुणाच्या आहेत हे विचारले की आत कोण बसले आहे हेही ऐकून घ्यावे लागते. डॉक्टर नझीहा यांनी चष्मा काढून मुठीत धरला होता. मख्लूफकाका खुर्चीच्या अगदी कडेला टेकले होते. एकतीस वर्षे उभ्याने काम केलेल्या माणसाला खुर्चीची मधली जागा दुसऱ्या कुणाची तरी वाटत असावी. मिठागरांवरून येणारा वारा खिडकीची झडप एकसारखी आपटत होता, आणि त्या खोलीत तेवढेच काय ते बोलणे चालले होते.

कागदावर एक आलेख होता. गेल्या चौदा महिन्यांत आमच्या सीटी यंत्राखालून छातीच्या तपासणीसाठी गेलेले दोन हजारांवर रुग्ण, प्रत्येकाचा एक ठिपका. उभ्या रेषेवर त्याच्या अंगात गेलेल्या किरणांची मात्रा. आडव्या रेषेवर, कुणी कधी मांडत नाही अशी गोष्ट मी मांडली होती: त्याचे गाव आमच्या सफाक्स शहरापासून किती किलोमीटर आहे ती. पहाटे मिठागरातून उठणाऱ्या रोहित पक्ष्यांसारखे ते ठिपके डावीकडून उजवीकडे चढत गेले होते. जितका रस्ता लांब, तितकी मात्रा मोठी.

"यंत्राला गाव कळतं का गं, रौदा?" डॉक्टर नझीहा यांनी अखेर विचारले.

"नाही, डॉक्टर."

"मग कुणाला कळतं?"

मी या इस्पितळात भौतिकशास्त्रज्ञ आहे. रुग्णांना किती किरणे मिळाली हे मोजणे एवढेच माझे काम. मोजणे आणि सांगणे यांच्यात एक उंबरा असतो, हे मला त्या दिवशीपर्यंत ठाऊक नव्हते.

मख्लूफकाकांनी एका बोटाने कागद स्वतःकडे ओढला. यंत्र ज्यांच्या हाती आहे ते आमचे सर्वांत जुने तंत्रज्ञ ते. आडव्या रेषेखालची गावे ते थांब्यावरच्या चालकाच्या सुरात वाचू लागले. "महारेस, गाबेस, मदनीन, तताउइन, रमादा. हा तर लुआज गाड्यांच्या अड्ड्यावरचा फलक झाला, डॉक्टर. मागच्या सीटला जरा सवलत ठेवा."

डॉक्टर नझीहा हसल्या. मीही हसले. मग पुन्हा सगळे गप्प झाले, आणि ही दुसरी शांतता पहिलीपेक्षा वाईट होती, कारण आता तिच्यात एका माणसाचे समजून चुकणे मिसळले होते.

"हे बघा," डॉक्टर नझीहा म्हणाल्या, "गुरुवारी मंत्रालयाचा तक्ता जायचाय. त्यात दोन चौकोन आहेत. दोष यंत्राचा, नाहीतर व्यक्तीचा. यंत्राचा असेल तर इंजिनिअर बोलवू. व्यक्तीचा असेल तर नाव घालावं लागेल. मधलं काही त्यांनी छापलेलं नाही."

"मला गुरुवारपर्यंत वेळ द्या."

"तुला नाव माहीत आहे?"

"गुरुवारपर्यंत, डॉक्टर."

मख्लूफकाका उठले. जाता जाता दाराशी थांबून, नऊ वर्षांपूर्वी मी शिकाऊ म्हणून आले तेव्हापासून म्हणत आले होते तेच म्हणाले, "दार लावून घे, लेकी. वारा आत येतो."

*

आधी मला यंत्रावरच संशय आला होता. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर इस्पितळ ओसरते. तसल्या दोन शुक्रवारी मी पाण्याने भरलेला नमुना-देह यंत्रात निजवून तपासून पाहिला. यंत्र निर्दोष होते. पाण्याने भरलेल्या त्या निर्जीव छातीला ते नेमके तेवढेच देत होते जेवढे मागितले जाई. त्यानंतर मी मात्रा बाजूला ठेवून लांबी काढली. सीटी घेण्याआधी रुग्णाचे एक धूसर चित्र पडद्यावर येते. तंत्रज्ञ त्यावर दोन आडव्या रेषा ओढतो, एक वर, एक खाली, आणि किरणे त्या दोन रेषांमध्येच फिरतात. या रेषा कुठे होत्या हे यंत्र विसरत नाही. सफाक्समधल्या माणसाची छाती चौतीस सेंटिमीटरची निघत होती. रमादाच्या माणसाची सत्तेचाळीस. वाळवंटाच्या कडेला माणसांची फुप्फुसे कमरेपर्यंत वाढत नाहीत.

आणि तेव्हा मला आठवले. आठवले म्हणणेही खरे नाही. माझ्या उजव्या हाताला ते नेहमीच माहीत होते. शिकाऊ असताना पहिल्याच आठवड्यात मी रेषा ओढत असता मख्लूफकाकांनी माझ्या हातावर हात ठेवून खालची रेषा आणखी खाली सरकवली होती. "माणूस कुठून आलाय ते बघ आधी," ते म्हणाले होते. "लांबून आलाय. त्याला वाटेची दोन बोटं द्यायची." मला ते गोड वाटले होते. पुढची दोन वर्षे मीही ती बोटे देत राहिले, मग पदवी झाली, मोजण्याच्या खोलीत गेले, आणि देणारी मी होते हे मोजणारी मी विसरून गेले.

तक्त्यात नाव जाणे म्हणजे काय, हे आम्ही सगळे जाणून होतो. चौकशी लागते. चौकशी चालू असलेल्या माणसाला यंत्रापासून दूर ठेवतात. मख्लूफकाका जूनअखेर निवृत्त होणार होते, आणि चौकशीत अडकून निवृत्त होणाऱ्याला फाटकापर्यंत पोचवायला कुणी येत नाही. एकतीस वर्षांचा माणूस मग मागच्या दाराने, कपाटातल्या वस्तू पिशवीत घालून, भर दुपारी निघून जातो. मी एकदा तसे पाहिले आहे.

*

बुधवारी दुपारी मी यंत्राच्या खोलीत गेले. रुग्ण संपले होते. काचेपलीकडे ते पांढरे कडे रिकामे उभे होते. मख्लूफकाका जवाची भाकर तेलात बुडवून ऑलिव्हबरोबर खात होते. त्यांनी न विचारता अर्धी मोडून माझ्यापुढे ठेवली.

"खा. पोलीससुद्धा जेवल्यावर नीट चौकशी करतात."

"काका, मी पोलीस नाही."

"पोलीस बरा. त्याला माहीत नसतं म्हणून तो विचारतो. तुला माहीत आहे, आणि तरी आलीस."

मी भाकरीचा तुकडा हातात नुसता धरून बसले. त्यांनी तेलाचे बोट कागदाला पुसले.

"अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट," ते म्हणाले. "तेव्हाचं यंत्र हे असलं नव्हतं. एकेक काप घ्यायला मिनिट लागायचं. रमादापलीकडचा एक मेंढपाळ आला होता, सुलैमान नावाचा. मी छाती घेतली, चिठ्ठीत लिहिलं होतं तेवढीच. आठवड्याने वरच्या मजल्यावरून, चित्र वाचणाऱ्या डॉक्टरांकडून निरोप आला, खालचा भाग दोन बोटं तुटलाय, परत बोलवा. आता बोलवा म्हणजे कसं? गावात एक टेलिफोन, तोही चौकीवर. निरोप पोचला. तो म्हणाला, लोकर कातरून झाली की येतो."

"मग?"

"मग कातरणी झाली, आणि त्याचा भाऊ आला. कागद न्यायला. दफनाच्या नोंदीला लागतो म्हणून." त्यांनी भाकरीचा चुरा तळहातावर गोळा केला. "दोन बोटं, लेकी. माझी आई दुवैरातच्या विहिरीवर वाटसरूची पखाल भरायची ना, तेव्हा तोंडापर्यंत भरली की वर आणखी दोन ओंजळी ओतायची. सांडायचं सगळं. मी म्हणायचो, आई, पाणी वाया जातं. ती म्हणायची, ते वाटेचं असतं. वाटेला पाजलं नाही तर ती माणसाला पिते."

मग हातातला दुसरा कागद त्यांच्यापुढे ठेवला, कारण तो ठेवण्यासाठीच मी आले होते.

"दोन बोटं राहिली नाहीत, काका. मी मोजली. सात आहेत."

त्यांनी आपला पंजा वर करून निरखून पाहिला. "म्हातारपणी बोटं जाड होतात," ते म्हणाले, पण त्या विनोदाला त्यांच्याच आवाजाने साथ दिली नाही.

"चौदा महिन्यांत तुम्ही दोनशे बारा जणांना जास्त घेतलं. त्या दोनशे बारांत जादाच्या भागाचा डॉक्टरांना उपयोग झाला असे तीनजण आहेत."

"त्यातला एक तताउइनचा. मूत्रपिंडावर गाठ होती, कुणाला पत्ता नव्हता. माझ्या सात बोटांत सापडली ती. जिवंत आहे तो. दर हिवाळ्याला खजूर पाठवतो."

"आहे. त्याचं नाव माझ्याकडे आहे. आणि दोनशे नऊ जणांचीही आहेत, जे काहीच पाठवत नाहीत."

काचेपलीकडे यंत्राचा पंखा घुमत होता. त्यांनी छातीवरचा बिल्ला चाचपला. किरणांजवळ काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या अंगावर तो असतो. दर तीन महिन्यांनी तो राजधानीत जातो आणि आपण किती प्यायलो ते सांगणारा आकडा परत येतो.

"एकतीस वर्षं," ते म्हणाले, "माझ्या अंगावर पडलेला थेंब न् थेंब यांनी मोजला. एकदा आकडा जरा चढला तर मला पंधरा दिवस घरी बसवलं. मी तर शिशाच्या भिंतीमागे असतो. भिंतीपुढे जो निजतो त्याचा आकडा माझ्यापर्यंत कधी आला? कुणी मला सांगितलं का, मख्लूफ, तुझी पखाल सांडतेय?"

"नाही सांगितलं."

"तू तर शिकलेली. तूसुद्धा दोन वर्षं ओढल्यास की रेषा."

"हो. ओढल्या."

माझ्या कबुलीने ते नरमले. मग मी त्या कागदावरच्या एका ओळीवर बोट ठेवले. नावाच्या जागी फक्त क्रमांक होता; वय अकरा, गाव रमादा, सहा तपासण्या.

"हे लेकरू बघा. छाती चोवीस सेंटिमीटरची. प्रत्येक वेळी सदतीस घेतली."

क्रमांकावरून त्यांना ओळख पटण्याचे कारण नव्हते, पण पटली. "ही यामना," ते हळूच म्हणाले. "खमीसाची लेक. फुप्फुसात पाण्याच्या गाठी झालेली. मेंढरांच्या कुत्र्यांत वाढलेली पोर, त्यांच्याकडूनच येतो तो आजार."

"तुम्ही तिला परत यायला लागू नये म्हणून जास्त घेतलंत. सहा खेपा झाल्या. सगळं मिळवलं तर नऊ खेपांचं तिच्या अंगात गेलंय. ज्या तीन खेपा तुम्ही वाचवल्यात, काका, त्या तीन तुम्हीच तिला दिल्यात. लहान अंगाला ते फार दिवस आठवतं. वीस वर्षांनी, तीस वर्षांनी. कॅन्सर होईलच असं नाही. पण झालं, तर ते कुठून आलं हे तेव्हा कुणाला कळणार नाही."

भाकरीचा गोळा केलेला चुरा त्यांनी उठून खिडकीबाहेर चिमण्यांना टाकला आणि बाहेरच पाहत राहिले.

"उद्या येणार आहे ती," ते म्हणाले. "गुरुवारच तिचा."

*

रमादाहून निघायचे तर पहाट व्हायच्या आत निघावे लागते. तताउइनला गाडी बदलायची, मग मदनीनला, मग गाबेसला. आणि प्रत्येक थांब्यावर आठवा प्रवासी मिळेपर्यंत लुआज हलत नाही. खमीसा आणि यामना साडेदहाला पोचल्या तेव्हा त्यांच्या कपड्यांच्या घड्यांत रस्ता भरलेला होता. खमीसाने चुरगळलेली चिठ्ठी आणि कागदात गुंडाळलेल्या, हरणाच्या शिंगाच्या आकाराच्या मधाळ वड्या, दोन्ही एकदमच मख्लूफकाकांच्या हाती दिल्या.

"सांगून ठेवते, भाऊ, दोनला शेवटची गाडी भरते, तिने परत जायचंय. ती चुकली की गाबेसला अड्ड्यावर निजायची पाळी."

"चुकणार नाही."

"आणि सगळं घ्या. नेहमीसारखं. हातचं राखू नका."

यामना उंच झाली होती. गेल्या खेपेला यंत्राच्या पलंगावर चढायला तिला पायरी लागत होती, या खेपेला लागली नाही. आडवी होता होता ती म्हणाली, "आजोबा, या वेळी मी श्वास धरण्यात तुम्हांला हरवणार."

"मला कशाला हरवतेस? मला तर जिना चढताना धरतासुद्धा येत नाही. पण बेताने घे हां. गेल्या वेळेइतकाच. जास्त फुगलीस तर पडद्यात मावायची नाहीस."

मी काचेमागे त्यांच्याशेजारी उभी राहिले. तक्ता माझ्या हातातल्या फाइलीत होता; दोन्ही चौकोन कोरे. धूसर चित्र पडद्यावर उमटले: एका लहान मुलीच्या फासळ्या, ओल्या वाळूवर वाऱ्याने काढलेल्या रेघांसारख्या. मख्लूफकाकांनी वरची रेषा ठेवली. मग खालची. ती फुप्फुसाच्या तळाशी येऊन टेकली, आणि त्यांचा हात तिथे थांबला.

त्यांना त्या क्षणी पोटाचा तो करडा, रिकामा भाग दिसत नसावा. त्यांना साडेतीनशे किलोमीटर दिसत असावेत. रेषा एक बोट खाली गेली. पुन्हा वर आली.

"लेकी," पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "वरून परत बोलावणं आलं तर?"

"तर कळायला आठवडा लागेल."

"तेच म्हणतोय मी. आठवडा." त्यांनी माझ्याकडे पाहिले. "चित्र वर जायला किती वेळ लागतो?"

"तारेतून? एक मिनिट."

"मग आठवडा कुठे जातो?"

नऊ वर्षांत हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता. माझ्या आलेखात गावांची अंतरे होती, किलोमीटरगणिक नोंदलेली. पण एक अंतर मी मांडलेच नव्हते. या खोलीपासून डॉक्टर नझीहा यांच्या चित्रे वाचण्याच्या खोलीपर्यंतचे. एक मजला. आमच्याकडचे चित्र वाचणारे डोळे दोनच, आणि तेही दोन इस्पितळांत वाटलेले. चित्रे रांगेत थांबत आणि त्यांची पाळी येईपर्यंत माणसे आपापल्या वाळूत परतलेली असत. मख्लूफकाकांची सात बोटे त्या आठवड्यात उगवली होती.

"तुम्ही नेमकं घ्या," मी म्हणाले. "मी डॉक्टरांना खाली आणते."

"त्या यायच्या नाहीत. गुडघा दुखतो त्यांचा, आणि लिफ्टमध्ये खाटा असतात."

"नेमकं घ्या, काका."

त्यांनी खालची रेषा जिथे असायला हवी तिथे ठेवली, आणि कळ दाबण्याआधी माउसवरून हात काढून मांडीखाली धरला. आपलाच हात पुन्हा उदार होईल अशी त्यांना भीती वाटत असावी. मग डाव्या हाताने त्यांनी कळ दाबली. ध्वनिक्षेपकातून यामनाला सूचना गेली. कडे फिरले. चोवीस सेंटिमीटर. काही सेकंदांत संपले.

*

डॉक्टर नझीहा खाली आल्या, ते मी खरे कारण सांगितले म्हणून नव्हे. मी वर जाऊन एवढेच म्हटले होते की तक्ता तयार आहे, पण सही यंत्राच्या खोलीत करावी लागेल. एका हाताने कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत त्या उतरल्या. मी मागून येत होते आणि नकळत मोजत होते. सत्तावीस पायऱ्या.

"हा काय पोरखेळ?" खुर्चीत बसत त्या म्हणाल्या. "सही वर होत नाही का?"

"आलाच आहात तर एक चित्र बघा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग मख्लूफकाकांकडे, मग दाराच्या काचेपलीकडे बाकावर बसलेल्या मायलेकींकडे. चष्मा लावला. कामात शिरल्यावर त्यांचा चेहरा बदलत असे. त्रासिक रेषा पुसल्या जाऊन तिथे एक शांत, वाचणारे माणूस येई. एकेक काप त्यांच्या डोळ्यांपुढून गेला. यामनाचे फुप्फुस वरून खालपर्यंत उघडत गेले, जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण, मोकळी हवा, पुन्हा मोकळी हवा.

"तळ पुरता आलाय," त्या म्हणाल्या. "काही तुटलेलं नाही. नवीन गाठ नाही. जुनीची जागा भरून आलीये." आणि मग, स्वतःशीच बोलल्यासारख्या, "ही पोर बरी झालीये. आता वर्षभर हिला सीटी नको. गरज पडलीच तर सोनोग्राफी तताउइनला होते."

मख्लूफकाका बाहेर गेले. काचेतून मला ऐकू आले नाही, फक्त दिसले: ते काहीतरी सांगत होते, खमीसा अविश्वासाने ऐकत होती, मग तिने यामनाचे डोके पोटाशी ओढले आणि दुसऱ्या हाताने डोळे टिपले. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाबारा वाजले होते. एकतीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच कुणी त्या बाकावरून उत्तर घेऊन उठत होते.

ते परत आले तेव्हा डॉक्टर नझीहा तक्ता चाळत होत्या.

"चौकोन कोरे आहेत, रौदा."

"हो."

"आज जायला हवा हा. यंत्र?"

"यंत्र चांगलं आहे, डॉक्टर."

"मग?"

मी बोलण्याआधी मख्लूफकाकांनी पांढऱ्या कोटाच्या खिशातून पेन काढले. रोज रुग्णांच्या चिठ्ठ्या भरतात त्याच बसक्या, गोल अक्षरात त्यांनी दुसऱ्या चौकोनात नाव लिहिले: मख्लूफ, आणि पुढे बापाचे, आणि पुढे आजोबाचे, जसे दक्षिणेकडे लिहितात.

"काका, थांबा," मी म्हणाले. "मी अजून काही ठरवलं नव्हतं."

"तू कशाला ठरवतेस? रेषा माझ्या होत्या. दोनशे नऊ जणांचं कुणाच्या तरी नावावर असायला हवं ना." त्यांनी पेनाचे टोपण लावले. "जूनमध्ये जाणार होतो, मार्चमध्ये जाईन. विहिरीवर बसायला मिळेल तीन महिने आधी."

डॉक्टर नझीहा त्या नावाकडे पाहत राहिल्या. त्यांची आणि काकांची नोकरी एकाच वर्षी लागली होती. हे मला कुणीतरी कधीतरी सांगितले होते, आत्ता आठवले. "सी मख्लूफ," नावाआधी मानाचा 'सी' लावून त्या म्हणाल्या, "मला आधी सांगायचं होतं. खाली आल्यावर सांगायचं होतं."

"तुम्ही खाली कधी आलात, डॉक्टर?"

हे ते टोमण्याने म्हणाले नाहीत. विचारायचे म्हणून विचारावे तसे म्हणाले, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे अवघड होते. बाहेर बाकावर आणखी चौघे येऊन बसले होते: काठीवर हनुवटी टेकलेला एक म्हातारा, त्याची सून, आणि उन्हाने करपलेल्या चेहऱ्याची दोन माणसे, ज्यांच्या पायांजवळच्या पिशव्या पाहूनच मला त्यांचा रस्ता मोजता आला असता.

मख्लूफकाकांनी तक्ता घडी घालून त्यांच्या हातात दिला.

"नाव घातलंय, डॉक्टर. आता मी एक विचारतो, नोकर म्हणून नाही, तिकडचा माणूस म्हणून. त्यांच्या गाड्या दोनला सुटतात. उद्यापासून या खुर्चीवर दुसरा कुणी असेल, आणि तो नेमक्या रेषा ओढेल, रौदा बघेल ते. पण साडेबाराला, दिवसातून एकदा, तुम्ही खाली याल का? सत्तावीस पायऱ्या आहेत. मी मोजल्यात."

डॉक्टर नझीहा यांनी काचेतून त्या चौघांकडे पाहिले. म्हातारा जागचा किंचित उठला, डॉक्टरांनी पाहिले की उठावे लागते अशा सवयीने. त्यांनी चष्मा काढला, घडी घातलेला तक्ता कोटाच्या खिशात ठेवला, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते नीट पाहून घेतले, आणि त्या जिन्याकडे निघाल्या. कठड्यावर त्यांचा हात टेकला. पहिली पायरी, दोन्ही पाय. दुसरी पायरी, दोन्ही पाय. मख्लूफकाका खाली उभे राहून पाहत होते, आणि त्या वळणाआड दिसेनाशा झाल्या तरी पाहत राहिले.